ओल्या फडक्याची बाजू

सोमवार, ११ ऑगस्ट

माफ कर, डायरी. जूनपासून तुला हात लावला नाही. शाळा सुरू झाली की तू कपाटातच राहतेस. आज मात्र दुसऱ्या कुणाला सांगू!

चौथीसाठी मी गांडुळांचा पाठ बसवला होता. बुटांचं खोकं, अर्ध्यावर काळा कागद, मधोमध गांडूळ. डोळे नसताना ते अंधाराकडे कसं वळतं, हे मुलांनी स्वतः पाहायचं. शुक्रवारी केंद्राच्या शिक्षण परिषदेत मी तो दाखवणार होते. नेमका ताप आला. शेजारच्या वर्गाची पॉलिन म्हणाली, "तू पड गं, मी बघते सगळं."

बघितलं! आज शिक्षकांच्या ग्रुपवर फोटो — माझं खोकं, तिचे हात. खाली केंद्रप्रमुखांचं, "पॉलिन टीचरांचा अभिनव प्रयोग." आणि तिचं उत्तर — धन्यवाद सर. आता २१ला ती तो पालघरला दाखवणार, जिल्ह्यासमोर.

इतकी वर्षं आम्ही एका डब्यात जेवतो.

मंगळवार, १२ ऑगस्ट

विचारलंच. ती हसली. "अगं लतिका, मुलांचं भलं झालं ना? नाव कुणाचं का असेना! आणि गांडुळं कुणाच्या वाडीतली?"

वटार गावची, तिच्याच वाडीतली. खरं आहे. मी नावासाठी एवढी हपापलेय का? असेन. पण कुणाचंही चालतं, तर तिचंच का?

डबा वर्गातच खाल्ला. एकटीने.

गुरुवार, १४ ऑगस्ट

टेबलावर सुकेळ्यांची, वाळवलेल्या केळ्यांची पुडी. तिच्याकडची, ओळखते मी. उघडायची नाही असं ठरवलं. संध्याकाळी एक खाल्लं. स्वतःचाच संताप!

सोमवार, १८ ऑगस्ट

वर्गात पुन्हा खोकं काढलं. ॲनिशा ओरडली, "टीचर, हे येडं झालं! उजेडात चाललंय!"

"तू काय केलंस?"

"काय नाय. फडकं फक्त इकडे ठेवलं."

ओलं फडकं! गांडुळं सुकू नयेत म्हणून मीच ठेवायचे — आणि दरवेळी काळ्या कागदाखाली. पुन्हा पुन्हा करून पाहिलं. जिकडे ओल, तिकडे गांडूळ. उजेड त्याला कातडीतून कळतो, हे खरंच आहे. पण माझ्या खोक्याने ते कधी दाखवलंच नव्हतं. मुलांनी ओल पाहिली, मी त्यांना अंधार शिकवला.

आणि पॉलिन तेच घेऊन पालघरला निघालीय. तिथे कुणी एकाने फडकं हलवलं की संपलं. बसल्या जागी हसू फुटलं. नाव तिचंच आहे ना! घेऊ दे.

किती गोड वाटलं ते. भीती वाटली मग.

मंगळवार, १९ ऑगस्ट

मुलांना सांगितलं, माझं चुकलं होतं. कुणाला काही वाटलं नाही. उलट मजाच आली. फक्त ॲनिशाने विचारलं, "पॉलिन टीचरला माहितेय?"

"नाही," म्हटलं.

"मग तुम्ही सांगा ना. तुमची मैत्रीण आहे ती."

उद्या: पॉलिनला गाठणे — फडकं दोन्ही बाजूंना ठेव.