एक लुगडं मांजराचं

आत्याबाई, तुमाला जाऊन इतकी वर्सं झाली की तुमचं तोंड आता मला आठवावं लागतंय, पण तुमची छाती अजून कानात हाय. तुमी चुलीम्होरं बसून भाकरी थापायच्या, मांडीवर मांजर घुरघुरायची आन तिच्या वर तुमची छाती घुरघुरायची. मी नवी सून. डोळं झाकलं तर मांजर कोणती आन सासू कोणती हे कळत न्हवतं. एकदा हे मी शेजारणीला बोलले आन तुमी नेमकं ऐकलं. मला वाटलं, आता उलथनं येतंय अंगावर. तर तुमी म्हणल्या, "मांजराचं गोड असतंय. तेवढ्यावरनं वळखत जा." तुमाला वाचता येत न्हवतं म्हणून आज मनमोकळं लिहिते. माझी तरी कुठं लई शाळा झाली, चौथीतली अक्षरं हायती.

तुमच्या दम्याला सगळं गाव चुलीचा धूर म्हणायचं, मळणीची धूळ म्हणायचं. थंडीत दम लागला की तुमी कोपऱ्यात भिंतीला टेकून बसायच्या, ती जुन्या लुगड्यांची जाड गोधडी अंगावर आन मांजर छातीवर. शेकायला म्हणून. मी बी म्हणायचे, बसा, ऊब लागंल. मामंजी मात्र वैतागलेले. "ह्या बाईच्या अंथरुणात मला जागा न्हाई, मांजराला हाय." एक दिवस त्यांनी मांजर गोणीत घातली, गाडी जुपली आन नेकनूरच्या बाजाराला निघाले. वाटंत कुणी विचारलं, "गोणीत काय वो?" तर म्हणले, "घरातलं भांडण. सोडून येतो." बाजाराच्या लई पल्याड सोडून आले. तुमी रडल्या न्हाई, काही न्हाई. दोन-चार दिसांनी ती उंबऱ्यावर बसून पाय चाटतीय. तुमी हसताय आन हसता हसता दम लागतोय, तसंच मला सांगताय, "अगं, मांजर माणसाचं नसतंय, जागंचं असतंय. तिची जागा हालीव, मग ती हालती."

आता तुमाला हे का सांगते, ते ऐका. माझा पोरगा, तुमचा नातू, दिवाळी झाली की बायकोला घेऊन ऊस तोडायला जातो. त्याची पोरगी, म्हंजी तुमची पणती, माझ्यापाशी राहती, शाळेसाठी. हुशार हाय. तोंडानं माझ्यावर गेलीय, त्याला इलाज न्हाई. औंदा थंडी पडली आन तिची छाती तुमच्यावानी वाजायला लागली. डोळं लाल, नाक गळतंय, पहाटं उठून बसायची. मी काय करणार? जे तुमाला केलं तेच केलं. अडुळशाचा काढा दिला, धुरापास्नं लांब ठिवली आन तुमची ती गोधडी काढून तिच्या अंगावर घातली. घरात तेवढं ऊबदार दुसरं काय हाय? त्या गोधडीवर आमची कबरी मांजर दिवसभर निजती, तिचं बाळंतपण, तिची पिल्लं, सगळं गोधडीवरच झालं, ह्याचा इचार कोण करतंय. पोरगीला रोज जास्तच व्हायला लागलं. मी अजून एक घडी वाढवून पांघरूण घातलं.

शेवटी बीडला नेलं. डॉक्टरीणबाई तरणी व्हती, पण हात थंड आन बोलणं धीराचं. तिनं छाती तपासली आन मला विचारलं, "घरात मांजर आहे का?" मी म्हणले, "धान्य हाय तर मांजर असणारच. तुमच्यात उंदीर न्हाईत का?" ती हसली. म्हणली, "आजी, हिला मांजराची ॲलर्जी आहे. त्यानं दमा उठतो." मी म्हणले, केसं झाडून काढते. तर म्हणती, नुसतं केसांचं न्हाई, मांजराच्या लाळंत असतंय, कातडीच्या कोंड्यात असतंय. ती अंग चाटती, वाळलं की ते हवंत उडतंय. मी म्हणले, "अवो पण आमची मांजर लई स्वच्छ हाय, ह्या पोरीपेक्षा जास्त अंग धुती."

"तेच तर," ती म्हणली.

मला कुणी गप करत न्हाई, तुमाला म्हाईत हाय. पण माझ्या म्होरं तुमी बसलेल्या, छातीवर मांजर, मांजर आपला पंजा चाटतीय. ते आता कळून काय करायचं.

तोंडात वढायचा पंप दिला, वापरायचा कसा ते दोनदा करून दाखवलं. मांजर घरात नको म्हणली, निजायच्या जागी तर अजिबात नको, आन अंथरूण-पांघरूण कढत पाण्यात धुवा. लगीच फरक पडणार न्हाई, भिंतीला, कपड्याला लई दिवस ऱ्हातंय, असं बी सांगितलं. घरी आले तर पोराचा फोन. "माय, तिला दम लागतोय म्हणं. मी येऊन तिला इकडं घेऊन जातो. डोळ्याम्होरं तरी ऱ्हाईल." मी म्हणले, उसाच्या फडावर पाचटाच्या कोपीत थंडी कमी हाय का? तर म्हणला, "मग ती मांजर गोणीत घाल आन सोड कुठंतरी. एकीला ठीव, दोघींना न्हाई." त्याचं चुकलं न्हाई. पण मी म्हातारी झाले ते उगाच न्हाई. कोपीवर गेलेली पोरगी आधी धाकट्याला सांभाळती, मग पाणी भरती, मग कोयता धरती, न्हाई तर कपाळाला कुंकू लावून कुणाच्या तरी मागं जाती. शाळंत माघारी आलेली मी तरी बघितली न्हाई.

गोणीचा उपयोग न्हाई, हे मला तुमीच दाखवलेलं. मग जागाच हालवायची ठरवलं. पोरगी सारखी म्हणायची, "आजी, मी तर तिला हात बी लावत न्हाई, मग ती माझ्याकडंच का येती?" म्हणूनच येती. पाव्हणे "ये ये" करत्यात, डोळं वटारून बघत्यात, ती पलंगाखाली पळती. ही आपली पुस्तकात मान घालून गप बसलेली, म्हंजी भिण्यासारखं काही न्हाई, मग जाऊन गाल घासायचा आन आपला वास लावून ठिवायचा. मी ती गोधडी उचलली, न धुता, आन शेळ्यांच्या गोठ्यात कडब्याच्या गंजीवर उंच नेऊन टाकली. मांजराला उंचावरनं सगळ्यांकडं बघायला आवडतं, सरपंचावानी. दूध-भाकर बी तिथंच. बाकी सगळं अंथरूण दोन पाण्यानं उकळलं, भिंती पुसल्या, माझं कंबरडं मोडलं.

ती काय लगीच ऐकती व्हय? दाराला नखं मारायची, लांब सुरात वरडायची, दार उघडं दिसलं की पायातनं आत. शेपटी भुईवर आपटून मला राग दाखवायची. मारायचं मनात आलं, पण मारलं की मांजर माणूस सोडती, जागा सोडत न्हाई. एकदा ती दाराबाहेर वरडतीय आन पोरगी आत रडतीय. मला म्हणती, "आजी, घे ना तिला आत. मी श्वास कमी घेते."

मी म्हणले, "श्वास म्हंजी काय कालवणातलं मीठ हाय का, कमी घ्यायला?" आन परड्यात जाऊन उगाच भांडी घासत बसले.

हळूहळू वरडणं कमी झालं. कबरी गंजीवर ऱ्हायला लागली. पोरगी पंप वढती, निजती, छातीतली शिट्टी बारीक झाली. मला मात्र दोन संसार झाले. गोठ्यात जायचं लुगडं येगळं, घरातलं येगळं. मांजराला खाऊ घातलं, पाठीवरनं हात फिरवला की हात धू, लुगडं बदल, मग पोरीला जवळ घे. ह्या वयात दिवसातनं इतक्यांदा लुगडं तर नवी नवरी बी बदलत न्हाई. दमले मी, आत्याबाई.

परवा फोन आला. मी म्हणले, पोरगी बरी हाय. पोराला पटंना. "तू काय, बरीच म्हणशील. तिला दे." मला ऐकू यावं म्हणून तिनं फोनचा आवाज मोठा केला. त्यानं बापावानी कसं हाय, काय हाय, विचारलंच न्हाई. म्हणला, "एकोणिसाचा पाढा म्हण. मधी थांबायचं न्हाई." मागं फडातला कालवा, टॅक्टरचा आवाज. पोरगी म्हणायला लागली. मी उंबऱ्यावर बसले, तिच्या तोंडाकडं न बघता तिच्या गळ्याखालच्या खळगीकडं बघत. ती खळगी आत जाती का, ते. न्हाई गेली. एका दमात एकोणीस दाहे एकशे नव्वद. त्याला सहाच्या म्होरं कधी पाढा आला न्हाई, चुकली असती तरी त्याला कळलं नसतं. तो नुसता दम ऐकत व्हता. पाढा सरला तसा म्हणला, "ऱ्हाऊ दे मग तिकडंच." आन मला म्हणला, "माय, मांजर?" मी म्हणले, "घरात न्हाई." तेवढ्यात त्याला कुणीतरी हाक मारली.

पोरगी ऱ्हायली ह्याचं मला लई बरं वाटलं. मांजर ऱ्हायली ह्याचं त्याच्यापेक्षा कमी वाटलं, पण आत्याबाई, लई कमी न्हाई. हे ह्या घरात कुणाला बोलायची सोय न्हाई.