टिटवी कुठे बघत होती

प्रिय बाबा,

तुम्हाला नमस्कार. आधीच सांगते, मी धडधाकट आहे आणि कॅमेराही कोरडा आहे. आईचा गुडघा कसा आहे? हे पत्र तिला वाचून दाखवू नका.

रविवारी खाडीच्या तोंडाशी टिटवीचे फोटो काढायला गेले होते. ओहोटी होती, म्हणून घोटाभर पाणी ओलांडून पलीकडच्या वाळूच्या पट्ट्यावर पोटावर पडले. तुम्ही शिकवलंत तसं एक डोळा मिटून टिटवीच्या डोळ्यावर नेम धरला आणि कोपरांवर पुढे सरकत राहिले. बाईसाहेब काही केल्या माझ्याकडे बघेनात. मान उंचावून नुसत्या ओरडत होत्या. मला वाटलं, मलाच घाबरल्यात. "अगं बाई, इकडे बघ की!" असं मी पुटपुटत होते.

ती उडाली तेव्हा माझ्या पायांना पाणी लागलं. मागे वळले तर आले ती वाट भरतीच्या पाण्याखाली गेली होती. छातीभर पाण्यातून कॅमेरा डोक्यावर धरून परत आले, बाबा. मध्ये एकदा पायाखाली वाळूच लागली नाही.

आता बरी आहे. फक्त वाहत्या नळाचा आवाज ऐकवत नाही, म्हणून शेजारच्या काकू बादली भरून देतात. त्यांना सांगितलंय, मनगट दुखतंय.

आज फोटो मोठे करून पाहिले. डोळा अगदी स्वच्छ आलाय, तुम्ही खूश व्हाल. पण प्रत्येक फोटोत ती माझ्या डोक्यावरून मागे बघतेय.

तुम्ही एकदा इकडे या. तुमचा कॅमेरा आणू नका. मी पोटावर पडले की माझ्या मागे नुसते उभे राहा.

तुमची,
ठकी