वैशाखातली गोधडी

२५ ऑगस्ट १९७८
छापून आलं! चहाच्या टपरीवर पेपर माझ्याच हातात.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात आमच्या व्यायामशाळेतला ईश्वरदास गेला, तेव्हा आमचे वस्ताद बापूजींनी सांगितलं — ऊन लागलं. व्यायामशाळेच्या पंचमंडळानंही, म्हणजे आम्हीही, तेच सांगितलं. आता दोन खेळाडू बोललेत. वजनी गटाच्या कबड्डी सामन्याआधी ईश्वरदासचं वजन जास्त भरलं. घाम गाळून ते उतरवायला पोरांनी घरून आणलेल्या गोधड्यांत त्याला गुंडाळलं, पत्र्याच्या खोलीत कोंडलं. पाणी मागत होता. बापूजींनी कडी काढू दिली नाही.

नागपूरचा मे महिना! पत्र्याची खोली!

२६ ऑगस्ट
घास उतरत नाही. बापूजींनी मला कबड्डी शिकवली, त्यावरच रेल्वेत लागलो. गुडघा निखळला तेव्हा पाठुंगळीला मारून दवाखान्यात नेणारे तेच. तोच माणूस बाहेर कडी घालून बसला?

बायको म्हणते, "देवमाणूस होते जी ते." हट्! देवमाणूस म्हणे! ओरडलो तिच्यावर. मग मोरीत जाऊन रडलो. जानेवारीत ते गेले तेव्हाही असाच रडलो होतो. ईश्वरदाससाठी नाही रडलो. लाज वाटते.

२९ ऑगस्ट
पंचमंडळाची सभा झाली. नव्या सभागृहाला बापूजींचं नाव द्यायचं की नाही? दोन्हीकडे सारखी मतं, माझ्यावर अडलं. अध्यक्ष बबनराव म्हणाले, "मेलेल्या माणसावर चिखल काहून उडवता गा? एका पोरापायी सारी जिंदगी पुसाची का?"

एका पोरापायी! आणि मी काय बोललो? पोळा झाला की सांगतो म्हणालो. भेकड!

२ सप्टेंबर, पोळा
व्यायामशाळेची पोरं आली. उद्या मारबतीच्या मिरवणुकीत बापूजींचा बडग्या काढणार — पुतळा करून, मिरवून जाळणार. "काका, गुंडाळाले गोधड्या पाहिजेत." व्यायामशाळेचं सामान आमच्या घरच्या कोठीत असतं; ईश्वरदासला गुंडाळलेल्या त्या गोधड्याही अजून तिथंच पडलेल्या. मी स्वतः कुलूप काढलं. "घ्या! साऱ्या न्या! एकही ठेवू नका!"

बरं वाटलं. पुरणपोळी गोड लागली.

३ सप्टेंबर
इतवारीत मुंगीलाही वाट नाही. बडग्या आला — पांढऱ्या मिशा, गळ्यात शिटी, अंगभर गोधड्या. सारे ओरडत होते, "इडापिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!" मीही घसा फोडून ओरडत होतो. तो समोर आला आणि माझा हात आपोआप त्याच्या पायांकडे गेला! चक्क वाकलो! पोरं खदाखदा हसली. मातीत गडप व्हावंसं वाटलं.

गोधड्यांसकट बडग्या जळेपर्यंत उभा राहिलो. तसाच बबनरावांकडे गेलो. सांगितलं — नाव द्यायचं नाही.

५ सप्टेंबर
ईश्वरदासची माय आली आहे, भीमाबाई. पहाटेच्या एस.टी.नं कुहीहून. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, सभागृहाला बापूजींचं नाव देत नाही म्हणून.

"नावाचं मी काय करू गा भाऊ? बापूजीनं गोधडी आणाले सांगतली, तं म्या माह्या लग्नाच्या लुगड्याची शिवून देली. मले वाटलं, पोरगं खाली हातरन. तिच्यात त्याचा वास असन अजून. तेवढी दे मले."

ती ओट्यावर बसली आहे. कोठीची किल्ली शोधतो म्हणून मी आत आलोय.