केवळाबाईची कोंबडी

राणीसावरगाव, सन १९५४

चिरंजीव बिरूस थोरल्या बहिणीचा पोटभर आशीर्वाद. बोलायलेय मी, लिहायलेत शाळेतले मास्तर.

माझं बरं हाय. शेजारच्या केवळाबाईचा कोंबडा मात्र तुझ्यासारखाच. उजाडायच्या आधी गाव उठवतो आन् दिवसभर काम करत न्हाई.

तिनं रानातली तितराची अंडी कोंबडीखाली ठेवली होती. पिल्लं निघाली. कोंबडीनं मुंगसापासून जपून ती वाढवली. परवा बांधावर रानातले तितर ओरडायला लागले, तशी पिल्लं तुरुतुरु तिकडं निघून गेली. कोंबडी अजून दारोदार ओरडत फिरायलीय. लय कालवा. 

जावई पुढच्या महिन्यात दुसरं लग्न करायलाय. करू दे, वय हाय त्याचं. आपली सुगंधा बाळंतपणात गेली, तवापासून तीन वर्षं मी जावयाच्याच घरी हाय. तिची लेक मलाच आई म्हणती. नवी येईल तिला आई म्हण, असं रोज शिकवायलेय. पोर शहाणी हाय, म्हणती, पण माझ्याकडं बघून.

मेंढरं कशी हायत? तुझ्या बायकोचा गुडघा?

लग्न झालं की मला न्यायला ये. दुपारच्याला ये, तवा पोर झोपलेली असती.

तुझ्या भिवराअक्काचा अंगठा