पुन्नो नावाची मतदार

माय, आज मतदारांची कच्ची यादी लागली आणि तिच्यात माझं नाव आहे. शाळेच्या भिंतीवर कागद चिकटवले आहेत, तिथे बोट ठेवून मी ते तीनदा वाचलं, मोबाइलवर फोटो काढला, आणि फोटो हलला असेल या भीतीनं अर्ध्या वाटेवरून परत गेले. तू असतीस तर म्हणाली असतीस, "काऊन उड्या मारून राह्यली व पोरी?" म्हणून तुलाच सांगायला बसले आहे. हे नाव तुझ्यामुळे लागलं. तुझ्या त्या चुकीच्या नावामुळे.

मी आता गडचिरोलीत अकरावी-बारावीला राज्यशास्त्र शिकवते. तू गेलीस तेव्हा मी आठवीत होते, त्यामुळे हे तुला कुठून माहीत असणार! मागच्या महिन्यात अमेरिकेच्या निवडणुकीबद्दल बोलत होते, तर पहिल्या बाकावरची मुलगी उभी राहिली. "मॅडम, तिथी मत द्याले कार्ड दाखवा लागते काय? अन् ते ठरवते कोन?" मला नक्की माहीत नव्हतं. अंदाजानं काही सांगून टाकणं माझ्याच्यानं होत नाही. "उद्या सांगते," म्हटलं आणि घरी येऊन वाचत बसले. आणि माय, मला इतका आनंद झाला की भात लागला तरी कळलं नाही. आपल्याकडे लोकसभा-विधानसभेला सिरोंच्यापासून दिल्लीपर्यंत एकच आयोग आणि एकच नियम. मला वाटायचं, सगळीकडे असंच असणार. तिथे तर मतदार कोण आणि त्यानं ओळख म्हणून काय दाखवायचं, हे बरंचसं प्रत्येक राज्य आपापलं ठरवतं. एका राज्यात फोटोचं कार्ड हवं, दुसऱ्यात नाव सांगून सही केली की झालं. रंगावरून, बाई आहे म्हणून, किंवा अठरा पूर्ण असताना वयावरून कोणाला मत नाकारायचं नाही, एवढं मात्र त्यांच्या संविधानात पक्कं लिहिलेलं आहे. देशाच्या निवडणुकीपुरते, मतदान कसं घ्यायचं याचे राज्यांचे नियम त्यांची संसद बदलू शकते. आणि राष्ट्राध्यक्षानं एकट्यानं हुकूम काढला, की मतदार व्हायला नागरिक असल्याचा कागद आणा, तर लोक कोर्टात जातात आणि कोर्ट विचारतं, हा अधिकार तुम्हाला कोणी दिला? एवढ्या मोठ्या माणसाला असं विचारतात! मग एका ठिकाणी वाचलं की असे कागद मागितले तर सगळ्यात जास्त अडचण लग्न झालेल्या बायकांची होईल, कारण जन्माच्या दाखल्यावर एक नाव आणि आताच्या कार्डावर दुसरं. तिथे मी पुस्तक मिटलं. मला तुझं कार्ड दिसायला लागलं.

तो यादीवाला माणूस आला तेव्हा तू अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होतीस. हे तूच मला सांगितलं होतंस, दरवेळी पोट धरून हसत. त्यानं मराठीत घाईघाईनं विचारलं, बाई, नाव काय? तुला तेव्हा मराठी येत नव्हतं. तो काय विचारतो ते कळेना, म्हणून तू गोंडीत म्हणालीस, "पुन्नो." माहीत नाही. त्यानं तेच लिहून घेतलं. गंमत म्हणजे बा तोवर वारला होता, तरी नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही म्हणून तू मान खाली घातलीस, तर ते त्यानं वाटेत शेजारच्या काकाला विचारलं आणि अगदी बरोबर लिहिलं. तुझं तेवढं तुलाच विचारलं होतं.

मी सहा वर्षांची असेन. तुझं लुगडं धरून मतदानाच्या रांगेत उभी आहे. खोलीतून तो साहेब मोठ्यानं ओरडतो, "पुन्नो!" आणि सगळी रांग खदखदून हसते. मागून कोणी म्हणतं, "अवो, माहीतच नाई म्हन्ते, तं मत कोनाले देईन?" मला रडू येतं. तू मात्र पदर सारखा करून पुढे जातेस आणि तुझ्या नव्या मोडक्या मराठीत सांगतेस, "मीच व्हय पुन्नो." बाहेर आल्यावर शाईचं बोट माझ्या नाकाला लावतेस. पण घरी पोचताच कार्ड पेटीच्या तळाशी टाकून देतेस. पुढे मी आठवीत गेले तेव्हा एक दिवस कार्ड माझ्यासमोर ठेवून म्हणालीस, "तू शिकली ना, मंग माहं नाव सुदार. मले माह्या नावानं हाक माराले पायजे त्या सायबानं." हट्ट म्हणून तू माझ्याकडे एवढंच मागितलंस.

आता इथे मतदारांची नव्यानं पडताळणी झाली. जुन्या यादीत स्वतःचं नाव नसेल तर आईचं किंवा वडिलांचं दाखवायचं होतं. बा त्या यादीच्या आधीच गेलेला. राहिलीस तू. माझ्या शाळेच्या दाखल्यावर तुझं खरं नाव आहे आणि यादीत पुन्नो. दोन आठवडे मला जेवण गोड लागलं नाही. मुलांना अमेरिकेचे अधिकार समजावून सांगणारी मी, आणि माझंच नाव कटलं तर? आमच्या भागाच्या यादीचं काम उर्दू शाळेतल्या एका बाईंकडे आहे. त्या फॉर्म घेऊन आल्या, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "मॅडम, हे पुन्नो कोन?"

"माझी आई."

"पन दाखल्यावर तं दुसरंच हाये."

खोटं बोलायचं नव्हतं. मी सगळं सांगितलं, मोहाच्या अंगणापासून. त्या खुर्चीत मागे रेलून इतक्या हसल्या की चहा सांडला. "या अल्ला, म्हंजे इतके साल माहीत-नाई बाईनं व्होटिंग केली!" मग डोळे पुसून म्हणाल्या, "माह्या सासूचं नाव तं यादीत मर्दाचं हाये. आना, तुमच्या मायचं कार्ड आना." मी पेटीतून तुझं कार्ड काढलं. त्यांनी बोटानं एकेक जुळवलं. घर क्रमांक तोच. गाव तेच. नवऱ्याचं नाव तेच, आणि माझ्या दाखल्यावर वडिलांचंही तेच. "जुळते, मॅडम. मी लिहून देतो वर. बाकी सायब पाहीन." साहेबांनी पाहिलं. आज यादी लागली.

यादी पाहून मी सरळ वर्गावर गेले आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, पुन्नो. मागच्या बाकांवर हशा पिकला, त्यांना गोंडी येतं. मीही हसले. मग म्हटलं, ही माझी आई. मतदार कोण हे देशाचे, राज्यांचे मोठे लोक ठरवतात, पण शेवटी टेबलाशी बसलेला माणूस तुमचं नाव विचारतो आणि त्याला ऐकू येईल तेच लिहितो. पहिल्या बाकावरची ती मुलगी वहीत लिहून घेत होती. तिनं विचारलं, "मंग मॅडम, तुमच्या मायचं नाव नंतर सुदारलं काय?" मी म्हटलं, तास संपला. संपला नव्हता, दहा मिनिटं होती.

तिला सांगितलं नाही ते तुला सांगते. मी तुझा फॉर्म घेऊन तालुक्याला गेले होते, हे खरं. खिडकीतला बाबू म्हणाला, आईचं खरं नाव हेच कशावरून? एखादा कागद आण. तुझा म्हणून एकच कागद होता, तेच पुन्नोचं कार्ड; माझा शाळेचा दाखला निघायला अजून काही वर्षं होती. त्याला पुन्नोचा अर्थ सांगावा लागला असता आणि मागची रांग पुन्हा हसली असती. मी फॉर्म दप्तरात घातला आणि बस पकडली. तू दारात उभी होतीस. "झालं काय?" मी म्हटलं, "झालं, नवं कार्ड मागून येईल." त्या दिवशी तू शेजारणीला बोलावून सांगितलंस, आता मले माह्या नावानं हाक मारतीन. पुढची निवडणूक यायच्या आधीच, त्या पावसाळ्यात तू गेलीस. तापात तू एकदा विचारलंस, कार्ड आलं काय?

तो फॉर्म अजून पेटीत आहे, घडी तशीच. हे पत्र मी त्याच्यातच ठेवते. झालं नव्हतं, माय.