दहापैकी किती

२ डिसेंबर २०२४

आजपासून नोकरी! शिवाजी पेठेत, खेळाच्या सामानाच्या दुकानावर दोन खोल्या, हेच आमचं ऑफिस. खाली फुटबॉल, बूट, क्लबांचे झेंडे लटकलेले, आणि माझ्या टेबलासमोरच्या खिडकीतून तालमीचं पटांगण दिसतं. कुरुंदवाडहून पहिल्या एसटीनं आलो. निघताना बहिणीनं, साक्षीनं, ही वही हातात कोंबली आणि रोज लिहायची शपथ घातली.

वेबसाइटचं नाव 'निकाल'. व्हिडिओ गेमची परीक्षणं मराठीत छापते. तीन समीक्षक आपापल्या घरी प्रत्येक गेम खेळतात, मत लिहितात, दहापैकी गुण देतात. मी ती तिन्ही मतं एकत्र करून 'एकंदर निकाल' लिहायचा, सरासरी काढायची. मी स्वतः खेळायचं नाही. मालक बाळासो पन्नाशीचे, बोलले की खालच्या दुकानात ऐकू जातं. त्यांचं म्हणणं, निकाल लिहिणाऱ्याचं मन कोरं पाहिजे. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "पावणं, जेवून आलाय न्हवं?" आणि उत्तराची वाट न बघता मिसळ मागवली.

५ डिसेंबर

काम आवडतंय. समीक्षक तिघे तीन तऱ्हेचे. अनुजा राजारामपुरीतल्या शाळेत शिकवते, तिची जीभ तिखट. फुटबॉलच्या गेमबद्दल तिनं लिहिलं, 'गोलकीपर वरातीत नाचायला आल्यासारखा पुढं येतो आणि परत जायचं विसरतो. सहा.' महांतेश गडहिंग्लजचा, मनानं मोठा, त्याला सगळंच आवडतं. त्यानं आठ दिले. राधानगरीचा संघर्ष गुणांच्या बाबतीत महाकंजूष, सातच्या वर आजवर कुणाला गेला नाही. त्यानं पाच.

मी लिहिलं, 'पायात दम आहे, डोक्यात नाही.' साक्षीनं कॉलेजातून फोन करून भांडण काढलं. गेम तिनं मोबाइलवर खेळलाय आणि तिच्या मते तो नऊचा आहे. तसं तिनं वेबसाइटवर वाचकांच्या मतांत लिहिलंसुद्धा.

९ डिसेंबर

अनुजाचं आजचं परीक्षण गाड्यांच्या शर्यतीच्या गेमचं. मधेच दोन ओळी अशा: 'तिसऱ्या वळणावर एक उघडं दार लागतं. आत एक बाई भिंतीकडं तोंड करून बसलीय, सुपात तांदूळ निवडतेय. शर्यतीत हे कशाला? सात.'

मला मजा वाटली, जसंच्या तसं छापलं. मग महांतेशला विचारलं. तो म्हणाला, आपण ती शर्यत चाळीस वेळा मारली, तिथं दार नाही.

१२ डिसेंबर

नवा गेम, ठोकळे जुळवायचा. त्यात माणूसच नाही. तरी अनुजा लिहिते, 'तीच बाई. आता तिचा कान दिसतो. चार.' महांतेशनंही लिहिलंय, 'दार सापडलं. बाई पाठमोरी. आठ.'

गेम बनवणाऱ्यांना पत्र पाठवलं. तासाभरात उत्तर आलं, आमच्या गेममध्ये असं काही नाही, तुमच्या समीक्षकांनी नक्की आमचाच गेम खेळला का?

दुपारी अनुजाशी फोनवर बोललो. छान हसत होती. म्हणाली, चार दिवस डोक्यावर कुणीतरी हात दाबून धरल्यासारखं वाटत होतं, आज सुटल्यासारखं वाटतंय.

बाळासो खुशीत आहेत. वाचक दसपट झालेत. मी म्हटलं, हे खोटं छापतोय आपण. ते म्हणाले, "लोक वाचत्यात न्हवं? मग झालं की."

१६ डिसेंबर

शनिवारी अनुजाचे गुण आले होते, 'गाल दिसला. दोन.' आज सकाळी एकच शब्द आला. 'शून्य.'

गेमचं नाव नाही, मत नाही. फोन तिच्या नवऱ्यानं उचलला. तो म्हणाला, सकाळपासून ती भिंतीकडं तोंड करून बसलीय. हाक मारली तरी वळत नाही. मांडीवर काही नाही, पण बोटं चालू आहेत, काहीतरी वेचून बाजूला टाकल्यासारखी. पोरगी रडून रडून झोपली, तरी तिनं मागं बघितलं नाही. डॉक्टर म्हणाले, अतिश्रम.

१८ डिसेंबर

महांतेश. काल 'दोन', आज 'शून्य'. त्याच्या भावाला फोन लागला. तसंच. भिंत, आणि बोटं.

मी बाळासोंना हात जोडले, थांबवा हे. ते पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले. म्हणाले, दोघांची दुखणी आहेत, गेमचा काय संबंध? मी सगळी परीक्षणं काढून टाकली. त्यांनी अर्ध्या तासात परत चढवली.

ते सगळं मी छापलं. माझ्या हातानं.

२० डिसेंबर

संघर्षचा फोन चार दिवस बंद, म्हणून राधानगरीला गेलो. भर दुपार. घर रस्त्यालगतच, बाहेर भात वाळत घातलेला. आई-वडील शेतात गेलेले. त्यानंच दार उघडलं, चहा केला.

त्याचं बोलणं आठवेल तसं लिहून ठेवतो.

"गुण आम्ही देत न्हाय, प्रसेनजीत. मी सात लिहिलंतं. पाठवल्यावर बघितलं तर चार. अनुजाचंबी तसंच झालतं. ती बाई आमचं गुण लावतीया. निवडतीया. शून्य आलं की खडा. बाजूला टाकती."

मी विचारलं, यातून सुटायचं कसं? त्यानं माझ्यासमोर खुर्ची ओढून घेतली. मग म्हणाला, ती एका वेळी एकाकडंच बघते. अनुजा चारवर होती आणि महांतेशनं नवा निकाल पाठवला, तेव्हा बाई त्याच्याकडं वळली. त्या दिवशी अनुजा बरी होती. मग परत तिच्याकडं. "महांतेश दोनवर हुता तवा मी पाठवायला पायजे हुतं. ती माझ्याकडं बघत बसली असती. भ्यालो मी. पाठवलं न्हाय."

मी कप ठेवायला वाकलो. तेवढाच वेळ, जास्त नाही. वर बघितलं तर त्याची खुर्ची भिंतीकडं वळलेली. खुर्ची सरकल्याचा आवाजसुद्धा झाला नव्हता.

हाका मारल्या. खांदे धरून ओढलं. मान दगडासारखी. बोटं मात्र चालू.

शेतातून त्याच्या आईला बोलावून आणलं. तिनं मला विचारलं, काय केलंस माझ्या लेकाला?

२१ डिसेंबर

साक्षीचा फोन. तिनं गेल्या आठवड्यात वाचकांच्या मतांत ठोकळ्यांच्या गेमला नऊ दिले होते. आता तिथं सहा दिसतात. तिनं बदलले नाहीत. आणि काल तिला दार दिसलं.

मी ओरडलो, मोबाइल टाकून दे. ती म्हणाली, टाकला, दादा, पंचगंगेत टाकला. तर कॉलेजच्या संगणकावर दिसलं. आत्ता बोलतेय त्या मावशीच्या फोनवरही दिसलं. बाईचा कान दिसतोय.

मी तिला संघर्षनं सांगितलेलं सगळं सांगितलं. का सांगितलं? धीर द्यायला म्हणून. एका वेळी एकाकडंच बघते, मी काहीतरी करतो, तू घाबरू नको.

२२ डिसेंबर

सकाळी तिचे चार.

मी कधीच खेळलो नव्हतो. ऑफिसात रविवारचं कुणी नाही. दहा वाजता गाड्यांचा गेम लावला. तिसरं वळण. दार. आत ती बसलेली. मी लिहिलं, 'चांगला गेम. नऊ.' आणि पाठवलं.

सुपाचा आवाज थांबला.

अकराला साक्षीचा फोन. भूक लागली म्हणाली. आईच्या हातची भाकरी खातेय, वळून खिडकीबाहेर बघतेय, सगळं ठीक आहे. मी टेबलावर डोकं ठेवून रडलो.

माझे नऊ आता आठ दिसतात. चालेल.

२३ डिसेंबर

कळलं कसं चालतं. मी निकाल पाठवला की ती माझ्याकडं बघते. थांबलो की साक्षीकडं वळते. एका निकालावर पंधरा-वीस मिनिटं माझ्याकडं असते, जास्त नाही. म्हणून पाठवत राहायचं. फुटबॉल, नऊ. ठोकळे, नऊ. गाड्या, नऊ. काय लिहितो ते महत्त्वाचं नाही.

कालपासून झोपलो नाही. बाळासो आले, माझ्याकडं बघितलं, तसेच खाली गेले. दुकानात बसलेत. वर येत नाहीत.

माझे सहा.

साक्षी हसत होती फोनवर. विचारलं, दादा, तू जेवलास का? हो म्हटलं.

२४ डिसेंबर, सकाळ

चार. कान. गालाची कड.

पटांगणात सराव चाललाय, शिट्टी ऐकू येते. वळून बघावं वाटतं. मान जड — खुर्ची थोडी फिरली आहे, मी फिरवली नव्हती.

फुटबॉल, नऊ. पाठवलं.

२४ डिसेंबर, दुपार

दोन.

डाव्या हाताची बोटं — आपोआप. उजव्यानं लिहितोय. उजवा चालू राहिला पाहिजे, निकाल पाठवायला. साक्षीचे परत नऊ झालेत. नऊ! आता ती बाई तिला विसरेल. विसरायला पाहिजे. अजून थोडा वेळ.

गाड्या, नऊ. ठोकळे, नऊ.

साडेतीन

एक. गाल पूर्ण. आता फक्त डोळे राहिले.

भीती वाटत नाही फार. साक्षी नऊवर आहे. तेवढंच —

फोन. साक्षी. रडतेय. काय म्हणतेय — माझे एक झालेले तिनं वेबसाइटवर बघितले. म्हणते, मला तू खोटं का सांगितलंस, तू जेवला नाहीस, तू झोपला नाहीस. म्हणते, एका वेळी एकाकडंच बघते ना? मग मीपण पाठवते, दादा. तू थोडा झोप. मी पाठवतेय, थांबणार नाही —

नको म्हटलं. तोंडातून आवाज आला की नाही —

माझा आकडा वाढला. तीन. मान सैल झाली. ती वळतेय. माझ्याकडनं पलीकडं —

नको. साक्षी, पाठवू नको, मी अजून आहे, फुटबॉल नऊ, नऊ, गाड्या नऊ — पाठवलं — बघ, इकडं बघ, माझ्याकडं — साक्षीचे पाच — मी इथं आहे — तिचे तीन — इकडं —