खानावळीतलं इंटरनेट

अव्वा,

तू गेलीस तेव्हा राजारामपुरीतल्या आपल्या खानावळीत साधा फोनही नव्हता. आता तिथून दोन गल्ल्या पलीकडे मी बायकांना इंटरनेट शिकवते. हसू नकोस. "भाकरी थापता येत न्हाय, तू काय दिवं लावणार हाईस?" असं तू ज्या लेकीला म्हणायचीस, तिला आता पन्नाशीच्या बायका 'बाई' म्हणतात आणि तिचं ऐकतातसुद्धा.

पहिल्या दिवशी मी पुस्तकातल्यासारखं सांगत होते. ब्राउझर, सर्व्हर, वेबसाइट. समोर सगळ्या मख्ख. हुपरीहून एसटीनं येणारी एक बाई तर उठलीच. ती घरी चांदीची पैंजणं जोडते आणि तिला ती स्वतःच्या फोनवरून विकायची आहेत. मुलानं बजावलंय, महिन्याभरात समजलं तर ठीक, नाहीतर फोन परत घेणार. आईला कुणीतरी गंडवेल याची त्याला धास्ती. ती म्हणाली, "बाई, माझ्या डोस्क्यात काय शिरंना झालंय. जातो मी."

मला तू आठवलीस. म्हटलं, "बसा. खानावळीत कधी जेवलाय का?" आणि फळ्यावर तुझी खानावळच काढली. समोरचा रस्ता म्हणजे इंटरनेट. त्या रस्त्यावर आपली खानावळ, शेजारी कापडदुकान, पुढं दवाखाना, त्या झाल्या वेबसाइटी. गिऱ्हाईक ताट मागतं, ते आत सांगून ताट बाहेर आणून मांडणारी मी, म्हणजे ब्राउझर. आणि चुलीपाशी बसून मागेल त्याला मागेल ते देणारी तू, सर्व्हर. दुपारी गर्दी उसळली की ताट यायला वेळ लागतो, तेव्हा फोनवर ती चकती गोल गोल फिरते. बायका खो खो हसल्या. हुपरीची बाई खाली बसली.

पासवर्ड सांगायची वेळ आली तेव्हा मी गारगोटीच्या मामाचा दिवस सांगितला. मामाला तिकडं स्वतःची खानावळ घालायची होती, म्हणून तुझा मसाला बघायला तो सरळ स्वयंपाकघरात शिरत होता. तू पळी घेऊन दारात उभी राहतेस. "दादा, पोटभर जेव. पर आत यायचं न्हाय." मामा फुगून निघतो, तू हात धरून त्याला पाटावर बसवतेस, आग्रह करकरून वाढतेस, आणि तरीही आत घेत नाहीस. आपली खानावळ त्या मसाल्यावर चालत होती. सख्खा भाऊ असला म्हणून काय झालं! त्या दिवशी मला लाज वाटली होती. आता हीच गोष्ट मी मान ताठ करून सांगते.

काल महिना संपला आणि तिचा मुलगा वर्गात आला. सगळ्यांसमोर त्यानं विचारलं, "आई, इंटरनेट आन् वेबसाइट एकच की?"

"एकच कसं? रस्ता आन् दुकान एक असतंय व्हय?"

तो हसला. मग अगदी मायेनं म्हणाला, "बरं, आता तुझा पासवर्ड सांग. तू इसरशील, मी ठेवतो ध्यानात."

माझा जीव टांगणीला. तिनं फोन पिशवीत घातला, पिशवी मांडीवर घेतली आणि ठणकावलं, "तुला बी न्हाय सांगायची. रोज जेवाय घालतो की तुला, आनी काय पायजे?"

पोरगा कानापर्यंत लाल झाला. पायाकडं बघत म्हणाला, "मग ऱ्हाऊ दे फोन तुझ्याकडंच."

अव्वा, हे पत्र कुठं पाठवायचं नाही, त्यामुळं खरं ते लिहिते. वर्गातल्या सगळ्या बायकांनी तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या. मी तुझ्यासाठी वाजवल्या.